राजू, चाळीस चोर आणि तळेघर : सायबर सुरक्षेच्या प्रबोधनपर साहित्याची चिकित्सा

प्रस्तावना

गेल्या दोन दशकांत बँकेचा व्यवहार खिडकीवरून संगणकावर आणि संगणकावरून भ्रमणध्वनीवर आला. या स्थित्यंतराबरोबर मराठी भाषेत लेखनाचा एक नवा प्रकार रूढ झाला. बँकेच्या भिंतीवरील फलक, पोलीस ठाण्याबाहेरील सूचना, महाविद्यालयाच्या सूचना फलकावरील भित्तिपत्रके आणि निरनिराळ्या शासकीय पुस्तिका यांतून नागरिकाला 'ओटीपी सांगू नका', 'अनोळखी लिंक उघडू नका', 'सतर्क राहा' असे सांगितले जाऊ लागले. हे साहित्य विपुल आहे. परंतु त्याकडे 'साहित्य' म्हणून फारसे पाहिले गेलेले नाही. त्याचा वाचक कोण, त्यातील नायक कोण आणि दोष कोणाच्या पदरात टाकला जातो, या प्रश्नांची चर्चा वाङ्मयाच्या अभ्यासकांनी केली नाही आणि संगणकशास्त्राच्या अभ्यासकांनाही ती आपली वाटली नाही.

प्रस्तुत लेखात या प्रकारातील एका प्रातिनिधिक कृतीचे चिकित्सक वाचन केले आहे. भारतीय रिझर्व्ह बँकेच्या महाराष्ट्र व गोवा विभागासाठीच्या लोकपाल कार्यालयाने (मुंबई-२) तयार केलेली 'राजू अँड द फॉर्टी थीव्ज', म्हणजेच 'राजू आणि चाळीस चोर', ही पुस्तिका २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. आर्थिक फसवणुकीच्या चाळीस पद्धती तिच्यात चित्रे व लहान प्रसंग यांच्या साहाय्याने मांडल्या आहेत. ही पुस्तिका पुणे जिल्ह्याच्या आंबेगाव तालुक्यातील तळेघर परिसरात बसून वाचली, तर तिचे कोणते गुण उठून दिसतात आणि कोणत्या उणिवा जाणवतात, हे पाहणे हा या लेखाचा हेतू आहे.

पुस्तिकेचे स्वरूप व सामर्थ्य

पुस्तिकेची रचना सुटसुटीत आहे. फिशिंगच्या लिंक, बनावट दूरध्वनी, ऑनलाइन बाजारातील खरेदी-विक्री, एटीएम कार्डाची नक्कल, पडदा दुसऱ्यास दाखविणारी ॲप, सिमकार्डाची अदलाबदल, क्यूआर कोड, लॉटरी, नोकरीचे आमिष, सार्वजनिक वायफाय, बेकायदेशीर कर्ज देणारी ॲप अशा एकेका प्रकाराला स्वतंत्र पान मिळाले आहे. प्रसंग, चित्र आणि काय करावे वा टाळावे याचा बोध असा प्रत्येक पानाचा क्रम आहे. 'राजू' हे नाव कोणत्याही जातीचे, गावाचे वा व्यवसायाचे निदर्शक नसल्याने ते सर्वांना आपले वाटू शकते.

या पुस्तिकेचा पहिला गुण म्हणजे वर्गीकरण. सामान्य माणसाच्या बोलण्यात 'ऑनलाइन गंडा' हा एकच शब्द असतो आणि त्या एका शब्दाखाली अनेक भिन्न क्रिया झाकल्या जातात. क्यूआर कोडच्या प्रसंगात फसणाऱ्याचा समज असा असतो की पैसे मिळविण्यासाठीही पिन द्यावा लागतो. लिंकच्या प्रसंगात तो बनावट संकेतस्थळाला खरे मानतो. पडदा दाखविणाऱ्या ॲपच्या प्रसंगात त्याचा भ्रमणध्वनीच दुसऱ्याच्या ताब्यात जातो. या तिन्हींवरचा उपाय एक नाही. 'पैसे स्वीकारताना पिन कधीही लागत नाही' हे एक वाक्य पहिल्या प्रकाराला पुरते. दुसऱ्या प्रकाराला ते निरुपयोगी आहे. म्हणून चाळीस पद्धती चाळीस पानांवर वेगळ्या करणे हे या पुस्तिकेचे खरे कार्य आहे आणि त्याचे मोल मान्य केलेच पाहिजे.

दुसरा गुण असा की, पुस्तिका तंत्राच्या बोजड परिभाषेत अडकत नाही. मराठीतील जुन्या संगणकविषयक पुस्तकांतून 'विषाणू', 'परवलीचा शब्द', 'अग्निभिंत' असे शब्द घडविले गेले. त्यांतील काही टिकले, काही विस्मरणात गेले. लोकव्यवहारात मात्र 'लिंक', 'ओटीपी', 'केवायसी' हेच शब्द उरले. या शब्दांचा अर्थ व्याख्येपेक्षा प्रसंगातून कळतो, हे पुस्तिकाकारांनी ओळखले आहे.

शीर्षकातील कथा आणि तिचा विसर

शीर्षकाने सुचविलेली अलीबाबाची कथा मराठी वाचकाला बालपणापासून परिचित आहे. 'तिळा तिळा दार उघड' हे वाक्य पाठ नसलेला मराठी माणूस विरळा. पासवर्डची संकल्पना समजावून देण्यास याहून सोपे उदाहरण सापडणार नाही. मात्र ही कथा नीट आठवली, तर पुस्तिकेने तिच्यातून केवळ संख्या आणि चोर तेवढे उचलले, हे ध्यानात येते.

मूळ कथेत परवलीचा शब्द चोरांचा आहे आणि तो आडोशाला बसून ऐकणारा अलीबाबा आहे. म्हणजे कोणताही शब्द मोठ्याने उच्चारला की तो तिसऱ्याच्या कानी पडतो, हा या कथेचा पहिला धडा. कासिम गुहेत शिरतो, पण बाहेर पडताना शब्द विसरतो आणि प्राणास मुकतो. जो शब्द मनुष्याच्या स्मरणात राहत नाही तो त्याचे रक्षण करीत नाही, हा दुसरा धडा. तिसरा धडा सर्वांत महत्त्वाचा आहे. अलीबाबाचे घर वाचते ते मर्जिना या दासीमुळे. चोराने दारावर केलेली खडूची खूण तिच्या नजरेस पडते आणि ती तशीच खूण शेजारच्या दारांवरही करते. घराचा धनी या सर्व काळात अनभिज्ञ असतो. सुरक्षितता येथे धन्याच्या सावधपणातून आलेली नाही. घरात वावरणाऱ्या एका जागरूक व्यक्तीने शेजारपाजाऱ्यांच्या दारांचा उपयोग करून ती निर्माण केली आहे.

'राजू आणि चाळीस चोर' या पुस्तिकेत मर्जिना नाही. राजू एकटा आहे. चोर चाळीस, आणि त्यांच्यासमोर एकाकी राजू. प्रत्येक पानावर त्याने स्वतः ओळखावे, स्वतः नकार द्यावा, आणि तसे न केल्यास परिणाम भोगावे, अशी ही मांडणी आहे. पुस्तिकेची मूलभूत मर्यादा या एकाकीपणात आहे.

तळेघरचा संदर्भ

तळेघर हे गाव आंबेगाव तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, घोडेगावकडून भीमाशंकरकडे जाणाऱ्या मार्गावर वसलेले आहे. या पट्ट्यात महादेव कोळी समाजाची वस्ती मोठी असून भातशेती व हिरडा गोळा करणे ही उपजीविकेची महत्त्वाची साधने आहेत. तालुक्याचे ठिकाण आणि एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाचे कार्यालय घोडेगाव येथे आहे. डोंगराळ प्रदेशामुळे भ्रमणध्वनीचे जाळे ठिकठिकाणी क्षीण होते आणि पावसाळ्यात ही अडचण वाढते.

अशा परिसरात 'माझा भ्रमणध्वनी' ही कल्पनाच वेगळी असते. एक यंत्र बहुधा संपूर्ण घराचे असते. बँकेला दिलेला क्रमांक मुलाचा किंवा पुतण्याचा असतो. रोजगार हमीची मजुरी जमा झाल्याचा संदेश एकाच्या खात्याचा आणि दुसऱ्याच्या हातातील, अशी स्थिती असते. अक्षरओळख नसलेली आजी एटीएम कार्ड आणि पिनचा कागद दोन्ही नातवाच्या हाती देते आणि 'बाळा, एवढे पैसे काढून आण' असे सांगते. तिच्या दृष्टीने यात निष्काळजीपणा नाही. विश्वास आहे, आणि दुसरा मार्गही नाही.

पुस्तिकेतील एक प्रसंग ओळखीच्या वा नात्यातील व्यक्तीला दिलेल्या तपशिलातून होणाऱ्या फसवणुकीचा आहे. पिन कोणालाही, घरच्यांनाही देऊ नये, हा त्याचा बोध. शहरी नोकरदाराला तो बोध पाळता येतो. तळेघरच्या आजीला तो पाळावयाचा, तर पैसे काढणेच थांबवावे लागेल. जो नियम पाळणे अशक्य आहे तो नियम सुरक्षितता वाढवीत नाही. उलट नियम मोडल्याची अपराधी भावना निर्माण करतो आणि फसवणूक झाल्यावर ती लपविण्यास भाग पाडतो.

यापेक्षाही महत्त्वाची उणीव अंगठ्याची आहे. डोंगरी भागात पैसे काढण्याचे साधन म्हणजे बँकेचा प्रतिनिधी किंवा टपाल खात्याचा कर्मचारी यांच्याजवळील बोटाचा ठसा घेणारे यंत्र. आधारवर चालणाऱ्या या व्यवहाराला ओटीपी लागत नाही आणि पिनही लागत नाही. जमिनीच्या दस्तांवरील ठशांच्या नकला करून खात्यांतून रकमा काढल्याची प्रकरणे देशाच्या काही राज्यांत उघडकीस आली आहेत. याहून साधी फसवणूक म्हणजे 'ठसा उमटला नाही, पुन्हा लावा' असे सांगून दोनदा व्यवहार करणे आणि पावती न देणे. पुस्तिकेच्या चाळीस शीर्षकांत अंगठ्याच्या या चोराला स्वतंत्र स्थान मिळालेले नाही. आधारचा ठसा कुलूपबंद ठेवण्याची आणि गरजेपुरता उघडण्याची सोय उपलब्ध आहे; तिची माहिती ज्यांना सर्वाधिक आवश्यक त्यांच्यापर्यंत पोचणे हे या प्रकारच्या साहित्याचे खरे काम ठरावे.

बँकेच्या दारातून शिरलेला चोर

पुस्तिकेचे गृहीतक असे की, चोर नेहमी ग्राहकाच्या दारातून येतो. या गृहीतकाला छेद देणारे उदाहरण पुणे शहरातच घडले. १९०६ मध्ये स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ व १३ ऑगस्ट २०१८ रोजी सायबर हल्ला झाला. घातक संगणक प्रणाली बँकेच्या यंत्रणेत शिरली आणि एटीएम व्यवहारांना मंजुरी देणारा बनावट दुवा तयार करण्यात आला. त्यामुळे एटीएममधून आलेल्या मागण्या बँकेच्या मुख्य प्रणालीपर्यंत न जाताच मंजूर होत गेल्या. नकली कार्डे वापरून २८ देशांतून सुमारे ७८ कोटी आणि भारतातून सुमारे अडीच कोटी रुपये काही तासांत काढले गेले. दोन दिवसांनी 'स्विफ्ट' या आंतरराष्ट्रीय संदेशप्रणालीमार्फत १३ कोटी ९२ लाख रुपये हाँगकाँगमधील एका खात्यात वळविण्यात आले. एकूण रक्कम ९४ कोटी ४२ लाख रुपये होती. पुढे २०२३ मध्ये पुण्यातील न्यायालयाने या प्रकरणी ११ आरोपींना दोषी ठरविले.

या घटनेत कोणत्याही राजूने लिंक उघडली नव्हती वा ओटीपी सांगितला नव्हता. रक्कम ग्राहकांच्या खात्यांतून गेली नसल्याचे बँकेने स्पष्ट केले होते. तरीही काही काळ एटीएम व ऑनलाइन सेवा बंद राहिल्या आणि त्याची झळ ग्राहकाला बसलीच. संस्थेच्या दाराची राखण संस्थेनेच करावयाची असते, ही साधी गोष्ट प्रबोधनपर साहित्यात क्वचितच लिहिली जाते. 'सतर्क ग्राहक' हा शब्दप्रयोग सर्वत्र आढळतो. 'सतर्क बँक' हा शब्दप्रयोग भिंतीवर लिहिलेला आढळत नाही.

भाषेच्या अंगानेही हाच दोष दिसतो. 'त्वरित केवायसी करा, अन्यथा खाते गोठविण्यात येईल' हे वाक्य अनेक वर्षे खऱ्या संस्थांच्या पत्रांतून येत राहिले आहे. भामट्याचा संदेशही अक्षरशः याच भाषेत येतो. हुकूम, मुदत आणि धमकी ही प्रशासकीय मराठीची तीन लक्षणे त्याने आयती उचलली. अधिकाऱ्याचा आवाज ऐकताच आज्ञा पाळावयाची सवय ज्या समाजाला पिढ्यान् पिढ्या लावली गेली, त्याला भामट्याच्या आवाजातील अधिकार खोटा आहे हे कसे ओळखू यावे? २०२४ मध्ये देशभर गाजलेल्या तथाकथित 'डिजिटल अटके'च्या प्रकारांत सुशिक्षितही फसले. त्याचे कारण तांत्रिक अज्ञानात शोधून पुरत नाही. या आज्ञाधारकपणात ते शोधावे लागते. भारतीय कायद्यात अशी कोणतीही अटक नाही, असे पंतप्रधानांना ऑक्टोबर २०२४ मध्ये 'मन की बात'मधून सांगावे लागले. या दृष्टीने रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये योजलेले दोन उपाय अधिक मूलगामी आहेत. व्यवहारविषयक दूरध्वनी '१६००'ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरूनच करण्याची सूचना आणि बँकांच्या संकेतस्थळांसाठी 'डॉट बँक डॉट इन' ही राखीव ओळख, हे ते उपाय. येथे ओळख पटविण्याचे ओझे काही अंशी संस्थेने उचलले आहे.

बोध आणि हक्क

पुस्तिकेचा भर प्रतिबंधावर आहे. प्रसंगाचा शेवट बहुतांशी बोधवाक्यात होतो. हक्काचे वाक्य अभावानेच येते. वास्तविक रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने ग्राहकाच्या दायित्वाची मर्यादा ठरवून दिली. दोष बँकेचा असल्यास ग्राहकावर दायित्व नाही. दोष बँकेचा वा ग्राहकाचा नसून तिसऱ्याच ठिकाणचा असल्यास, आणि सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळविल्यास, दायित्व शून्य. चार ते सात दिवसांत कळविल्यास मूलभूत बचत खात्यासाठी कमाल पाच हजार रुपये. ग्राहकाचा दोष सिद्ध करण्याची जबाबदारी बँकेची. सहकारी बँकांसाठीही त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अशीच तरतूद झाली.

याच परिपत्रकात एक अवघड कलम आहे. ग्राहकाने पिन वा तत्सम तपशील दुसऱ्यास दिल्यामुळे नुकसान झाले, तर बँकेला कळवीपर्यंतचे संपूर्ण नुकसान त्याचेच. तळेघरच्या आजीचा विश्वास या कलमाच्या भाषेत 'निष्काळजीपणा' ठरतो. पुस्तिकेचा बोध आणि परिपत्रकाचे कलम एकत्र वाचले की चित्र स्पष्ट होते. जी व्यक्ती व्यवस्थेवर सर्वाधिक परावलंबी, तिच्याच पदरी सर्वाधिक दोष येतो. त्यात तीन दिवसांची मुदत ही संदेश स्वतःच्या हाती येतो आणि तो वाचता येतो, या गृहीतकावर उभी आहे. भ्रमणध्वनी पुतण्याबरोबर मंचरला गेलेला असेल, तर मुदत कोणासाठी सुरू झाली?

फसवणुकीनंतरचा पहिला तास निर्णायक असतो. राष्ट्रीय मदत क्रमांक १९३० वर तत्काळ कळविल्यास रक्कम पुढच्या खात्यात जाण्यापूर्वी रोखता येण्याची शक्यता असते. तेव्हा 'सांगू नका' या वाक्याच्या शेजारी 'फसल्यास लगेच सांगा, त्यात लाज नाही' हे वाक्य तितक्याच ठळक अक्षरांत असावयास हवे. पहिले वाक्य मौन शिकविते. तेवढेच शिकविले तर फसलेला माणूसही मौन पाळतो.

महाविद्यालयाची भूमिका

हा प्रश्न महाविद्यालयीन अध्यापकांच्या कक्षेबाहेरचा नाही. २०१८ मध्ये आदिवासी वसतिगृहांतील भोजनाची रक्कम विद्यार्थ्यांच्या खात्यात थेट जमा करण्याचे धोरण शासनाने स्वीकारले आणि त्याविरुद्ध विद्यार्थ्यांनी पुण्याहून नाशिककडे पायी मोर्चा काढला. त्या धोरणाच्या गुणदोषांची चर्चा येथे प्रस्तुत नाही. परंतु विद्यार्थ्याचे जेवण आणि त्याच्या खात्याची सुरक्षितता यांचा संबंध तेव्हापासून प्रत्यक्ष झाला. शिष्यवृत्तीचा अर्ज विद्यार्थी अनेकदा महा ई-सेवा केंद्रात वा झेरॉक्सच्या दुकानात भरतो. तेथील संगणकावर त्याचा पासवर्ड जतन होतो, आधारची प्रत राहते आणि पेन ड्राइव्हमधून घातक प्रणाली महाविद्यालयाच्या संगणकापर्यंत पोचते.

महाविद्यालयाचे संगणकही निर्दोष नसतात. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' या खंडणीखोर प्रणालीने जगभर थैमान घातले. तिने ज्या त्रुटीचा लाभ घेतला, तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच उपलब्ध करून दिली होती. ज्यांनी ती बसविली नाही, ते सापडले. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा दुरुस्ती थांबली. विस्तारित दुरुस्तीची नोंदणी न केलेला किंवा नव्या प्रणालीवर न नेलेला संगणक प्रयोगशाळेत जोडलेला राहणे म्हणजे दाराची कडी मोडलेली ठेवणे होय. अशा प्रयोगशाळेत सायबर सुरक्षेवर व्याख्यान देणे हा विरोधाभास आहे. दुरुस्त्या वेळेवर बसविणे, प्रत्येक विद्यार्थ्यासाठी मर्यादित अधिकाराचे खाते ठेवणे, पेन ड्राइव्ह तपासूनच उघडणे आणि महत्त्वाच्या नोंदींची प्रत संगणकापासून वेगळी ठेवणे, या चार गोष्टी खर्चिक नाहीत.

यापुढे जाऊन राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरांतून मर्जिनेची भूमिका विद्यार्थ्यांना देता येईल. घरोघरी जाऊन ठसा कुलूपबंद करून देणे, बँकेत नोंदलेला क्रमांक कोणाचा आहे हे पाहणे, ठसा दिल्यावर पावती मागण्याची सवय लावणे आणि फसवणूक झाल्यास १९३० वर बोलण्यास सोबत करणे, ही कामे भित्तिपत्रकाहून फलदायी ठरतील. मात्र विद्यार्थ्याने कोणाचाही पिन स्वतः विचारू नये, हे पथ्य कटाक्षाने पाळावे लागेल. अन्यथा मर्जिना आणि चोर यांतील भेद पुसला जाईल.

समारोप

'राजू आणि चाळीस चोर' ही पुस्तिका फसवणुकीच्या पद्धतींची उपयुक्त सूची आहे आणि त्या मर्यादेत ती यशस्वी आहे. तिचा राजू मात्र स्वतःचा भ्रमणध्वनी, स्वतःचा पिन आणि वाचता येणारा संदेश असलेला नागरिक आहे. तळेघरसारख्या परिसरात यांपैकी एखादी वा तिन्ही गोष्टी नसू शकतात. एकाकी व्यक्तीच्या सावधपणावर उभारलेले प्रबोधन तेथे अपुरे पडते आणि दोषाचे ओझे दुर्बळावर टाकते. अशा साहित्याच्या पुढील आवृत्त्यांत अंगठ्याच्या व्यवहाराला स्थान मिळावे, प्रत्येक बोधाशेजारी एक हक्क लिहिला जावा, बँकेच्या कर्तव्यांनाही पान मिळावे आणि राजूच्या शेजारी मदतीचा एक माणूस उभा केला जावा, अशी अपेक्षा आहे. 'निष्काळजीपणा' या शब्दाचा अर्थ ठरविताना तळेघरच्या आजीची परिस्थिती विचारात घेतली जाईल काय, हा प्रश्न पुस्तिकेच्या कक्षेबाहेरचा असला, तरी तिच्या वाचनातून तोच प्रकर्षाने पुढे येतो.